पेटीतले बटण आणि ओलितावरचा माणूस

(सेलू तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे, सोयाबीनच्या हमीभावावर बोलायचे, वीजबिलावर बोलायचे, ही आपली रीत आहे. आज आम्ही एका बोटाएवढ्या बटणावर बोलणार आहोत. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत जिथे कुठे ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवलेली आहे, तिथे तिच्या तोंडावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असे लिहिलेले एक बटण असते. पेटी बसवल्यापासून ते बटण तुमच्यापैकी कितीजणांनी दाबले? हात वर करायला आम्ही सांगत नाही. ज्याने त्याने मनातल्या मनात उत्तर द्यावे.

आम्ही कृषी पदवीधर आहोत, विजेचे इंजिनिअर नाही. पण शेतीच्या पुस्तकात ओलिताचे धडे असतात आणि ओलितावर मरणाऱ्या माणसाचा धडा नसतो. तो धडा गावोगाव फिरताना भेटतो. देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांचा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी छापतो. २०२१ साली तो बारा हजारांवर होता, २०२२ सालीही बारा हजारांवर. त्यात विहिरीवर किती गेले, धुऱ्यावर किती गेले, हे वेगळे सांगायला कोणी बसलेले नाही.

मोटार सुरू करायला कोण जातो, हेही आज बोलून टाकू. मोटार मालकाच्या नावावर, बिल मालकाच्या नावावर, आणि रात्री दोन वाजता लाईन आली की चिखलातून पेटीपर्यंत जातो तो सालदार. गव्हाला, हरभऱ्याला पाणी फिरवायला जाते ती बाई. पेटी कोणती घ्यायची हे मालक ठरवतो आणि तिच्यावर हात ठेवतो दुसराच. म्हणून हा विषय यंत्राचा आहे तितकाच न्यायाचा आहे.

आता एक साधा हिशेब करू. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालू असताना साधारण सात-साडेसात अँपिअर करंट घेते. तिच्या वाइंडिंगचे इन्सुलेशन जळाले आणि एक फेज बॉडीला लागला, असे समजा. फेज आणि जमीन यांच्यात २३० व्होल्ट. तुमच्या विहिरीवरच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आणि डीपीच्या अर्थिंगचा ५ ओहम धरा. दोन्ही मिळून १५ ओहम. २३० भागिले १५ म्हणजे साधारण १५ अँपिअर करंट जमिनीतून डीपीकडे परत जाणार. तुमच्या किटकॅटमध्ये १५ किंवा २० अँपिअरची तार आहे, काहींच्या किटकॅटमध्ये तर जाड तांब्याची तार पिळून टाकलेली आहे. ती जळणार नाही. आणि मोटारीच्या बॉडीवर, तिला जोडलेल्या लोखंडी पाइपावर दीडशे व्होल्ट उभे राहतील. मोटार चालूही राहील, पाणीही येईल, आणि पाइपाला ओला हात लावणारा खाली पडेल.

हा हिशेब चांगल्या अर्थिंगचा होता. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. रोध १०० ओहमवर गेला तर जमिनीतून जाणारा करंट सव्वादोन अँपिअरच्या आत येतो आणि बॉडीवरचे व्होल्टेज सव्वादोनशेच्या आसपास जाते. फ्यूजला याची दादही लागत नाही. फ्यूज आणि एमसीबी हे तार जळू नये, मोटार जळू नये यासाठी आहेत. माणसासाठी आहे ती आरसीसीबी.

ती काम कशी करते? तिच्यात एक कडे असते आणि मोटारीकडे जाणाऱ्या सगळ्या तारा त्या कड्यातून जातात. तारांतून जेवढा करंट जातो तेवढाच तारांतून परत आला, तर हिशेब शून्य. कुठे तरी जमिनीत गळती झाली, म्हणजे गेलेल्यापेक्षा परत आलेला कमी भरला, की ती लगेच खटका पाडते. आपण पाटाच्या तोंडाशी पाणी मोजतो, शेवटी मोजतो, आणि मध्ये कमी भरले तर पाट कुठे फुटला ते शोधायला निघतो, तसेच आहे हे. फरक इतकाच, की ती आधी पाणी बंद करते आणि मग शोधायला सांगते.

तिच्या अंगावर ३०, १०० किंवा ३०० मिलिअँपिअर असा आकडा असतो. तो आकडा गळतीचा. माणसाला एक मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवतात. दहाच्या पुढे हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली तार सुटत नाही. तीसच्या पुढे आणि काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डॅलझील यांनी ‘हात सुटतो की नाही’ या प्रश्नावर अनेक वर्षे मोजमाप केले आणि त्यातूनच १९६१ साली अमेरिकेत घरगुती वापराचे असे उपकरण पुढे आले. घराला आणि पंपघरातल्या प्लगला ३० ची घ्यावी. लांब केबलच्या सबमर्सिबलला पावसाळ्यात थोडी गळती असतेच, तिथे ३० ची सारखी पडते, म्हणून पंपाला १०० ची बसवतात. ३०० ची आगीपासून वाचवण्यासाठी आहे, तिच्या भरवशावर माणूस सोडू नका. आणि १०० ची आहे म्हणून उघड्या तारेला हात लावायची मुभा मिळत नाही. ती बॉडीवर उतरलेला फेज तोडते. पण तो तोडायला अर्थिंगची तार जोडलेली हवी.

आता बटण. बटण दाबले की पेटीच्या आतल्या आत एका रोधातून थोडा करंट कड्याच्या बाहेरून वळवला जातो. कड्याला वाटते गळती झाली, खटका पडतो. हा करंट तुमच्या पाइपावर येत नाही, जमिनीत जात नाही. म्हणूनच शेतकऱ्याने स्वतः करायची चाचणी ही एवढीच, आणि ती सुरक्षित आहे. आमचे म्हणणे आहे की महिन्यातून एकदा, गावच्या बाजाराचा पहिला दिवस धरून, ती करावी. मोठा पाऊस झाला किंवा जवळ वीज पडली, तर त्यानंतरही करावी.

रीत अशी. दिवसाउजेडी करा आणि तिन्ही फेज आहेत याची खात्री करून करा. लाईन नसताना बटण दाबले तर काहीच होत नाही आणि माणूस उगाच पेटीला दोष देतो. विहिरीत कोणी उतरलेले नाही, पाइपाला कोणी हात लावलेला नाही, हौदावर बैल नाहीत, हे पाहून घ्या. पायात कोरडी चप्पल, पायाखाली कोरडी फळी, हात कोरडे. पेटी ओली असेल, जळल्याचा वास येत असेल, आत उंदराने तार कुरतडलेली दिसत असेल, तर हात लावू नका. पत्र्याच्या पेटीला आधी टेस्टर लावून पाहा. लागला तर मागे फिरा आणि लाईनमनला सांगून डीपीवरून लाईन बंद करून घ्या. टेस्टर लागला नाही म्हणून मात्र हात सैल सोडू नका.

मग स्टार्टरच्या लाल बटणाने मोटार बंद करा. ऑटो स्विच असेल तर तो आधी बंद करा. हे विसरू नका. नाहीतर चाचणी झाल्यावर खटका वर केला की मोटार आपोआप सुरू होते आणि तेव्हा पाइपाशी कोणी उभा असू शकतो. आता टेस्टचे बटण एकदाच, क्षणभर दाबा. खटका ताबडतोब खाली पडला पाहिजे. पडला तर पुन्हा वर करा, मोटार सुरू करा, आणि पेटीच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहा. पडला नाही तर बटण दाबून धरू नका, आतला रोध जळतो. मेन स्विच बंद करा, पेटीवर दोरी बांधून खूण करा, सालदाराला आणि घरच्यांना सांगा, आणि परवानाधारक वायरमन येऊन पाहीपर्यंत मोटार लावू नका. एक पाळी चुकली तर पीक थोडे वाळते. तेवढे वाळू द्या.

काही गावांत दुसऱ्याच चाचण्या चालतात. कोणी फेजची तार अर्थिंगला टेकवून ठिणगी पाहतो. कोणी शंभर वॅटचा बल्ब फेज आणि अर्थिंग यांच्यात लावून पाहतो. कोणी हाताची उलटी बाजू बॉडीला लावतो. भावांनो, हे बंद करा. बल्बच्या चाचणीत जवळपास ४०० मिलिअँपिअर करंट अर्थिंगच्या तारेत सोडला जातो. आरसीसीबी चांगली असेल तर ती पडते. पण चाचणी करतो आपण ती बिघडली असेल या शंकेने. ती बिघडलेली निघाली आणि अर्थिंगचा खड्डाही कोरडा निघाला, तर अर्थिंगची तार, मोटार, पाइप सगळ्यांवर व्होल्टेज चढते. तुम्ही पेटीजवळ फळीवर उभे असता, आणि दोनशे फुटांवर कोणी बाई पाइपाला हात लावून पाणी वळवत असते. ही चाचणी दुसऱ्याच्या अंगावर होते.

बटणाने जे कळत नाही ते वायरमनने यंत्राने पाहायचे. त्याच्याकडे आरसीसीबी टेस्टर असते. नेमलेल्या आकड्याच्या अर्ध्यावर ती पडता कामा नये. पूर्ण आकड्यावर ३०० मिलिसेकंदांच्या आत पडली पाहिजे, पाचपटीवर ४० मिलिसेकंदांच्या आत. दुसरे, अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध मोजायचा. तिसरे, लाईन बंद करून, मोटारीची केबल स्टार्टरपासून सोडवून मेगरने इन्सुलेशन पाहायचे. ते एक मेगओहमच्या खाली आले असेल तर दोष केबलच्या जोडात किंवा मोटारीत आहे. खरिपाच्या आधी एकदा आणि रब्बीचे ओलित सुरू होण्याआधी एकदा, असे वर्षातून दोनदा हे व्हावे. खर्च आठ-दहा शेतकऱ्यांनी वाटून घेतला तर जड नाही.

बटणाचे खरे गुपित मात्र सगळ्यांनी ध्यानात घ्या. अर्थिंगची तार तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर खटका पडतो. बटण पेटीची परीक्षा घेते, अर्थिंगची घेत नाही. अर्थिंग तुटलेले असेल तर बॉडीवर उतरलेला फेज तसाच वाट पाहत राहतो, आणि माणसाने हात लावला की त्याच्या शरीरातून जमिनीत जातो. मग आरसीसीबी पडते, पण तिला कळवणारी तार तुमचा सालदार झालेला असतो. हिशेबाने १०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीबरोबर अर्थिंगचा रोध ५०० ओहमपर्यंत असला, तरी बॉडीवर ५० व्होल्टच्या वर टिकत नाही. म्हणजे फार भारी अर्थिंग लागत नाही, पण सलग अर्थिंग लागते. मोटारीपासून खड्ड्यापर्यंत तार तुटलेली नको, गंजलेल्या नटाखाली दबलेली नको, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात दोन बादल्या पाणी पडले पाहिजे.

आणखी दोन गोष्टी आपल्या लाईनच्या. आपल्या मोटारीला तीन फेज लागतात, न्यूट्रल लागत नाही. पेटीत मात्र फोर पोलची आरसीसीबी बसवतात आणि न्यूट्रलचा खांब रिकामा ठेवतात. बऱ्याच बनावटींत टेस्टचे बटण त्या खांबाशी जोडलेले असते, त्यामुळे बटण दाबले तरी काही होत नाही. कोणत्या दोन खांबांत बटण आहे ते तिच्या अंगावरच्या आकृतीत असते. वायरमनकडून ते पाहून जोडणी करून घ्या, आणि विकत घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा की ही न्यूट्रलशिवाय चालते का. दुसरी गोष्ट अशी, की काही स्वस्त पेट्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालतात. आपल्याकडे व्होल्टेज पडते, एक फेज जातो, तेव्हा त्या गप्प बसू शकतात. पुरवठ्याच्या व्होल्टेजवर अवलंबून नसलेली, आयएस १२६४० चा शिक्का असलेलीच घ्या. सौर पंप घेतला असेल तर त्याच्या कंट्रोलरला कोणत्या प्रकारची चालते ते पुरवठादाराकडून लिहून घ्या. साध्या एसी प्रकारच्या पेटीला डीसीची गळती ओळखता येत नाही, आणि बटण दाबले तर ती पडते, म्हणून माणूस फसतो.

आता कडू बोलतो. बऱ्याच ठिकाणी पेटी आहे आणि तारा तिला वळसा घालून गेल्या आहेत. का? कारण ‘ती सारखी पडते’. ती का पडते ते पाहिले तर पंपघरातला एक बल्ब सापडतो. एक फेज घेतला आणि न्यूट्रल म्हणून अर्थिंगची तार वापरली. तो बल्ब म्हणजे चोवीस तास चालू असलेली गळती आहे. आरसीसीबी ती ओळखते आणि पडते, आणि आपण बल्ब काढायचे सोडून आरसीसीबी काढतो. दिवा हवाच असेल तर न्यूट्रल घेऊन नीट जोडणी करा, नाहीतर सौर कंदील ठेवा. धुऱ्याच्या तारेचेही तेच. बोरच्या जंगलालगतच्या गावांत रोही आणि रानडुकरे उभे पीक झोपवतात, हे आम्ही रोज ऐकतो. त्याची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे, ही आपली मागणी आहे आणि ती सोडणार नाही. पण लाईनची तार कुंपणाला जोडणे हा त्यावरचा इलाज नाही. त्या कुंपणावर डुकराआधी शेजारचा पोरगा जातो, आणि जोडणारा तुरुंगात जातो. झटका मशीन वेगळे. ते क्षणभराचा मर्यादित झटका देते. तेच वापरा.

पेटी कशाला वाचवत नाही तेही सांगून ठेवतो. पेटीच्या अलीकडची तार, खांबावरची तार, डीपी, यांवर तिचा काही इलाज चालत नाही. डीपीचा फ्यूज गेला म्हणून स्वतः काठीने टाकायला जाणारा माणूस कोणत्याही आरसीसीबीच्या कक्षेत नसतो. ते काम लाईनमनचे आहे. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात दुसरा फेज आला, तर जमिनीत गळती होतच नाही. पेटीला तो माणूस मोटारीसारखाच दिसतो.

तरीही कोणाला धक्का बसलाच तर आधी लाईन बंद करा. बंद होत नसेल तर कोरड्या बांबूने तार बाजूला करा, हात लावू नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. वाळूत पुरणे, अंगाला माती चोळणे यात वेळ गमावू नका.

हे झाले आपले कर्तव्य. कंपनीचे आणि सरकारचेही आहे. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५३ सुरक्षेचे आहे, कलम १६१ अपघाताची खबर आणि चौकशी यांचे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम २०१० साली आले आणि २०२३ साली नव्याने आले. त्यांत गळतीपासून संरक्षण देणाऱ्या उपकरणाची तरतूद आहे. डीपीचे उघडे दार, लोंबणाऱ्या तारा, तुटलेले न्यूट्रल, यांबद्दल गावाने तोंडी बोलायचे नाही. खांब क्रमांक आणि तारीख घालून लेखी द्यायचे आणि पोच घ्यायची. अपघात झाला तर विद्युत निरीक्षकाकडे चौकशीचा अर्ज गेलाच पाहिजे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २०२३ पासून अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये आहेत, विजेचा धक्का त्यात येतो. तिचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. पण पैसे मिळाले म्हणजे माणूस मिळाला असे कोणी समजू नये.

२०२४ साली सरकारने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली. बिल शून्य झाले. दिवसा लाईन, पुरेसे व्होल्टेज आणि धड उभी असलेली डीपी यांची मागणी मात्र कायम आहे, कारण यातले बरेच धक्के अंधारात, चिखलात, अर्धवट फेजवर बसतात. ती मागणी घेऊन आपण कार्यालयावर जाऊ तेव्हा आपल्या पेट्या नीट असल्या पाहिजेत. समोरचा अधिकारी पहिला सवाल हाच करणार, की तुमच्या पंपावर संरक्षण आहे का.

म्हणून आजच्या बैठकीपुढे आम्ही तीन कामे ठेवतो. प्रत्येक गावातल्या दोन कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीपर्यंत गावातल्या पंपांची यादी करावी: पेटी आहे का, वळसा घातलेला आहे का, बटण दाबल्यावर पडते का, अर्थिंगची तार सलग आहे का. वळसा घातलेल्या तारा वायरमनकडून काढून घ्याव्यात, आणि खर्च झेपत नसेल त्याचा खर्च गावाने वाटून घ्यावा. आणि तिसरे, मालकाने सालदाराला पेटीसमोर उभे करून बटण दाखवावे, खटका पडला नाही तर मोटार न लावण्याचा हक्क त्याला तोंडाने द्यावा, आणि त्या दिवशी त्याची मजुरी कापू नये.

यादी कोऱ्या कागदावर चालेल. पुढच्या बैठकीला येताना ती सोबत आणा.